स्टार्टरवरचे दोन काटे: व्होल्ट आणि अँप मोजणारं मीटर आतून कसं चालतं आणि ते कसं वापरायचं

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. सकाळी सहाला फोन वाजला. “ताई, व्होल्ट पूर्ण दाखवतंय, पण अँपचा काटा पार शेवटाला जाऊन बसतो आणि मोटर नुसती घुमते. रात्रीची लाइट होती, तीनदा चालू करून पाहिली.”

“काका, आता चौथ्यांदा बटण दाबू नका. मी निघाले.”

विहिरीवर पोचले. स्टार्टरवरचा, म्हणजे मोटर चालू-बंद करायच्या पेटीवरचा व्होल्टमीटर ४१० दाखवत होता. थ्री फेजच्या तीन तारांना आर, वाय आणि बी म्हणतात. माझ्या डिजिटल मीटरने स्टार्टरच्या इनकमिंगला, म्हणजे लाइन आत येते तिथे, त्यांच्या तिन्ही जोड्या तपासल्या: आर-वाय ४१२, वाय-बी ४०९, बी-आर ४११. एवढं बघून कोणीही म्हणेल, सप्लाय ठीक आहे, मोटरच गेली. काकांनी मोटर वर काढायला माणसंही सांगून ठेवली होती. मोटर गेलेली नव्हती. दोष सापडायला दहा मिनिटं लागली, पण ती दहा मिनिटं सत्कारणी लागायची तर मीटर स्वतःच्या पोटात काय करतं ते माहीत असावं लागतं. म्हणून आधी मीटर उघडू, मग परत विहिरीवर येऊ.

आमचं निफाड तालुक्यात मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळायचं दुकान आहे. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ते सुरू केलं. मी आयटीआय करून त्यांच्या हाताखाली आले, पण मीटर मला कळलं ते त्यांच्या टेबलावर.

तार बघून ओळख

एका भंगार स्टार्टरमधून नानांनी दोन्ही मीटर काढले, पुढची काच आणि आकड्यांचा पत्रा काढून टाकला आणि उघडे सांगाडे माझ्यापुढे ठेवले. “यातला अँपचा कुठला?” काटा, स्प्रिंग, तळाचं वजन, सगळं हुबेहूब सारखं. फरक एकाच ठिकाणी होता. एकाच्या कॉइलवर जाड तारेचे मोजून वीस-बावीस टर्न, म्हणजे वेढे, तर दुसऱ्याची कॉइल केसासारख्या तारेने गच्च भरलेली आणि तिच्या शेपटीला एक रेझिस्टन्स. रिवायंडिंगवाल्याच्या पोरीला तार ओळखायला किती वेळ लागणार? जाड तारेचा तो अँपचा.

दोन्हींचं काम एकाच तत्त्वावर चालतं. कॉइलच्या आत लोखंडाच्या दोन पट्ट्या असतात. एक घट्ट बसवलेली, दुसरी काट्याच्या दांडीला लावलेली. कॉइलमधून करंट गेला की दोन्ही पट्ट्या सारख्याच दिशेने चुंबक होतात आणि एकमेकींना ढकलतात. हलती पट्टी लांब पळायला बघते, स्प्रिंग तिला मागे ओढते आणि दोघींचं जिथे जमतं तिथे काटा थांबतो. आपली लाइट सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, पण उलटताना दोन्ही पट्ट्या बरोबरच उलटतात, त्यामुळे ढकलणं चालूच राहतं. म्हणून हे मीटर एसीला, म्हणजे उलटसुलट होणाऱ्या करंटला चालतं. याला मूव्हिंग आयर्न म्हणतात.

ढकलणारा जोर करंटच्या वर्गाने वाढतो. म्हणजे करंट दुप्पट तर जोर चौपट. म्हणूनच स्टार्टरच्या अँपमीटरवर सुरुवातीचे आकडे एकमेकांना चिकटलेले आणि पुढचे मोकळे दिसतात. ३० अँपच्या मीटरवर २ की ३ हे वाचायला जाऊ नका, तिथे ते वाचता येतच नाही.

आता गणित. समजा काटा पूर्ण फिरवायला २०० अँपिअर-टर्न, म्हणजे अँप गुणिले टर्न, लागतात. १० अँप जाणार असतील तर २० टर्न पुरे. आणि करंट फक्त २० मिलिअँप द्यायचा असेल तर १० हजार टर्न मारावे लागतील. काट्याला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणजे त्या टेबलावर नानांना मला दाखवायचं होतं ते हे: काट्याच्या मीटरला व्होल्ट कळतच नाही. त्याला फक्त स्वतःमधून गेलेला करंट कळतो. व्होल्टमीटर हा खरं तर फार थोडा करंट घेणारा अँपमीटर आहे. त्याच्यातून २० मिलिअँप जायला किती व्होल्ट लागतात ते ठाऊक असतं, म्हणून पत्र्यावर मिलिअँपऐवजी व्होल्ट छापतात.

जोडणीचा नियमही यातूनच निघतो, पाठ करायची गरज नाही. अँपमीटर लाइनच्या वाटेतच बसतो, सगळा करंट त्याच्यातून जातो, म्हणून त्याने अडवता कामा नये: तार जाड, रेझिस्टन्स जवळपास शून्य. व्होल्टमीटर दोन तारांच्या मध्ये आडवा बसतो, म्हणून त्याने फार पिता कामा नये: तार बारीक, रेझिस्टन्स मोठा. अँपमीटर चुकून दोन फेजांमध्ये आडवा लावला तर तो मीटर राहत नाही, तो शॉर्ट होतो.

घरी एकदा करून बघा

हे पटायला एक होकायंत्र, दोन पेन्सिल सेल, बॅटरीचा जुना छोटा बल्ब, एक एलईडी, त्याचा रेझिस्टन्स आणि भरपूर लांब इनॅमलची वायर पुरते. होकायंत्र टेबलावर ठेवा, सुई उत्तर-दक्षिण थांबू द्या. वायरचे दहा वेढे होकायंत्राभोवती असे घ्या की ते सुईच्या वरून आणि खालून, सुईला समांतर जातील. टोकांचं इनॅमल ब्लेडने नीट खरवडा. इथेच बहुतेकांचं चुकतं, अर्धवट खरवडतात आणि मग प्रयोग होत नाही म्हणतात. आता सेल, बल्ब आणि ही कॉइल एकामागे एक जोडा. बल्ब लागतो त्याच क्षणी सुई पूर्व-पश्चिमेकडे जोरात वळते. सेल उलटे केले की सुई दुसऱ्या बाजूला. दहाऐवजी तीन वेढे ठेवले की वळण कमी. बल्बच्या जागी रेझिस्टन्स लावून एलईडी जोडला तर दहा वेढ्यांवर सुई जेमतेम हलते; वेढे शंभर केले की तीच सुई सपाट्याने फिरते. जाड तार थोडे टर्न आणि बारीक तार जास्त टर्न याचं कारण डोळ्यांपुढे येतं. बल्ब किंवा रेझिस्टन्स मध्ये न घेता कॉइल थेट सेलला लावू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात.

तारेतल्या करंटने होकायंत्राची सुई हलते हे १८२० साली कोपनहेगनमध्ये हान्स ख्रिश्चन अर्स्टेड यांनी दाखवलं. त्या एका हालचालीतून पुढची सगळी काट्याची मीटरं निघाली.

हातातला काट्याचा मल्टिमीटर

यात पट्ट्यांऐवजी नालेसारखा कायमचा चुंबक असतो आणि त्याच्या मध्ये नाजूक कॉइल फिरते. तिला मूव्हिंग कॉइल म्हणतात. करंट दुप्पट तर काटा दुप्पट, म्हणून आकडे सारख्या अंतरावर. पण थेट एसी दिला तर काटा पुढे-मागे ढकलला जाऊन शून्यावरच थरथरतो, म्हणून एसीसाठी आत डायोड लावून करंट एका दिशेचा करून घेतात.

समजा कॉइलचा रेझिस्टन्स १०० ओहम आहे आणि काटा पूर्ण फिरायला १ मिलिअँप लागतो. याचा ३०० व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या करंटचा, व्होल्टमीटर करायचा तर एकूण ३ लाख ओहम हवेत, म्हणजे कॉइलमागे २,९९,९०० ओहम सिरीजमध्ये लावायचे. आणि याचाच १० अँपचा अँपमीटर करायचा तर १ मिलिअँप कॉइलमधून जाऊ द्यायचा, उरलेले ९.९९९ अँप शेजारच्या जाड पट्टीतून वळवायचे. ती पट्टी साधारण ०.०१ ओहमची निघते. तिला शंट म्हणतात. पाटाचं पाणी मोजायला सगळा पाट अडवायचा नाही, ठराविक वाटा देणारी बारीक चारी फोडायची, तसंच. चांगला शंट मँगॅनिनचा असतो, कारण तापला तरी त्याचा रेझिस्टन्स फारसा बदलत नाही. तांब्याचा बदलतो, म्हणून शंटच्या जागी तांब्याची तार वळवून काम भागवू नका.

काटा वाचताना सरळ समोर उभं राहायचं. चांगल्या मीटरवर आकड्यांखाली आरशाची पट्टी असते ती शोभेची नव्हे: काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की डोळा बरोबर जागी आहे. पत्र्याच्या कोपऱ्यात बारीक १.५ लिहिलेलं असतं तेही बघा. चूक पूर्ण स्केलच्या दीड टक्क्यापर्यंत असू शकते, असा त्याचा अर्थ. ५०० व्होल्टच्या मीटरवर ती साडेसात व्होल्ट झाली, मग तुम्ही ४५० वाचा की ५०. म्हणून काटा शेवटच्या तिसऱ्या भागात येईल अशी रेंज निवडायची.

डिजिटलचं सगळं उलटं

डिजिटल मीटरला करंट कळत नाही, फक्त व्होल्ट कळतात, आणि तेही बारीक. पिवळ्या रंगाची साधी मीटरं बघा, त्यांची मूळ रेंज २०० मिलिव्होल्टची असते. जास्त व्होल्ट आले की रेझिस्टन्सची साखळी लावून त्यांचे तुकडे करायचे आणि छोटा तुकडा आत द्यायचा. अँप मोजायचे तर करंट ०.०१ ओहमच्या जाड तारेतून सोडायचा आणि तिच्या दोन टोकांवरचे मिलिव्होल्ट वाचायचे. १० अँपला १०० मिलिव्होल्ट येतात, पडद्यावर १०.०० दिसतं. मीटर उघडलं तर आडवी बसवलेली ती जाड कमानदार तार लगेच दिसते.

मिलिव्होल्टचा आकडा कसा होतो? बहुतेक साध्या मीटरांत अशी युक्ती असते. हौद रिकामा आहे. मोजायचं पाणी ठराविक वेळ हौदात सोडलं. मग ते बंद करून, ज्याचा वेग पक्का ठाऊक आहे अशा एकाच तोटीने हौद रिकामा केला. रिकामा व्हायला किती वेळ लागला ते मोजलं की आत किती पाणी आलं ते कळलं. मीटरमध्ये हौद म्हणजे कॅपॅसिटर, विजेचा साठा धरणारा भाग, पाणी म्हणजे आपले मिलिव्होल्ट, तोटी म्हणजे आतला पक्का संदर्भ व्होल्टेज. भरण्याचा वेळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवतात, कारण ५० हर्ट्झची एक लाट तेवढ्या वेळात पूर्ण होते आणि आजूबाजूच्या लाइटची भुणभुण बेरीज-वजाबाकीत मिटून जाते.

डिजिटल व्होल्टमीटर फारच थोडं पितो. चांगल्या मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो. ४१० व्होल्टला तो ४१ मायक्रोअँप घेतो. स्टार्टरवरचा काट्याचा मीटर याच्या कित्येक शेकडा पट घेतो. हे लक्षात ठेवा, विहिरीवर लागणार आहे. याच कमी पिण्यामुळे बंद तारेवरही डिजिटल मीटर कधी ६०, कधी ९० व्होल्ट दाखवतं. शेजारून जाणाऱ्या चालू तारेचं वारं लागलेलं असतं, बाकी काही नाही. पण त्यावरून “ही तार बंदच आहे” असंही ठरवू नका. टेस्ट लॅम्पने, म्हणजे तारांना लावून बघायच्या साध्या बल्बने, खात्री करा.

अजून एक. साधं मीटर एसीची सरासरी काढून तिला १.११ ने गुणतं आणि तो आकडा दाखवतं. हे फक्त शुद्ध लाटेला खरं ठरतं. चौकोनी लाटेचा जुना इन्व्हर्टर खरे २३० देत असला तरी साधं मीटर २५५ दाखवेल. सौर पंपाच्या कंट्रोलरचं आउटपुट साध्या मीटरने मोजून कंट्रोलर खराब ठरवू नका. तिथे ट्रू आरएमएस लिहिलेलंच, म्हणजे लाट कशीही असली तरी खरा आकडा काढणारं मीटर हवं.

पिना लावताना

माझ्याकडून एकदा झालेली चूक सांगते. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं चार्जिंग मोजायला लाल पिन १० अँपच्या भोकात लावली होती. काम झालं, मीटर पिशवीत टाकलं. तासाभराने दुसऱ्या वस्तीवर स्टार्टरचे व्होल्ट बघायला तेच काढलं, चकती एसी व्होल्टवर फिरवली आणि पिना दोन फेजांना लावल्या. पिन अजून अँपच्या भोकातच होती. चकती कुठेही असली तरी त्या भोकामागे ती ०.०१ ओहमची तार असते. निळा भडका उडाला, पिनेचं टोक वितळून तांब्याचे मणी पेटीत सांडले, मनगटाला भाजलं. डोळे वाचले कारण मी मान वळवून काकूंशी बोलत होते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. अँप मोजून झाले की मीटर खाली ठेवण्याआधी लाल पिन परत व्होल्टच्या भोकात. मोजायच्या आधी बघायचं ते या क्रमाने: पिन कुठल्या भोकात, चकती कुठे, रेंज सगळ्यात मोठी आहे का. ओहमवर चकती असताना चालू लाइनला कधीच हात लावायचा नाही. काही मीटरांवर १० अँपच्या भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’ लिहिलेलं असतं, म्हणजे चुकलात तर वाचवायला आत फ्यूज नाही. थ्री फेजच्या पेटीत काम करणाराने कॅट थ्री (सुरक्षेचा दर्जा), ६०० व्होल्ट छापलेलं मीटर आणि धड पिनाच घ्याव्यात. इथे पैसे वाचवू नयेत, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगते. आणि लाइन बंद आहे हे ठरवताना मीटर आधी चालू जागी तपासायचं, मग बंद जागी, मग परत चालू जागी. मधेच मीटरचा सेल गेला असेल तर ते शेवटच्या खेपेला कळतं.

टाँग टेस्टर

मोटरचे अँप मोजायला मी तार तोडत नाही, तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा टाँग टेस्टर वापरते. त्याचा जबडा म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा कोअर, आतला लोखंडी गाभा. मधून जाणारी तार हा एक टर्न, हँडलमध्ये हजारच्या घरात टर्न. हजार धरले तर तारेत १० अँप, आतल्या कॉइलमध्ये १० मिलिअँप.

जबड्यात एकच तार घ्यायची. तिन्ही फेज एकत्र घेतले तर बेरीज शून्य येते, कारण तिघांचा करंट एकमेकांना मिटवतो. तसं करूनही आकडा येत असेल तर तेवढा करंट चौथ्या वाटेने, बहुधा जमिनीत, चाललाय. पाण्यातल्या मोटरची केबल कुठे तरी कापलीय का हे मी आधी असंच बघते. करंट फार कमी असेल तर तारेचे पाच वेढे जबड्यातून घ्या आणि आकड्याला पाचाने भागा. सौर पॅनेलच्या डीसीवर साधा टाँग टेस्टर शून्यच दाखवतो, कारण ट्रान्सफॉर्मरला बदलता करंट लागतो. तिथे हॉल सेन्सरवाला, म्हणजे न बदलणारं चुंबकत्वही ओळखणारा, घ्यावा लागतो. शून्य दिसलं म्हणून डीसी केबलला हात घालू नका.

थ्री फेज मोटरला एका एचपीला साधारण दीड अँप धरा. पाच एचपी असेल तर पूर्ण लोडवर सात-साडेसात. व्होल्ट साडेतीनशेवर घसरले की अँप वर चढतात. विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि पंप हवा ओढायला लागला की अँप पडतात. तीन फेजचे अँप एकमेकांपासून फार फाकले असतील तर एक तर सप्लाय वाकडा, नाही तर वायंडिंग.

पुन्हा विहिरीवर

आता काकांची पेटी. स्टार्टरवरचा व्होल्टमीटर आर आणि वाय यांच्यात जोडलेला होता, बहुतेक पेट्यांत एकाच जोडीवर असतो. बी फेजबद्दल त्याला विचारून उपयोग नव्हता. अँपमीटर आर फेजवर होता आणि तो शेवटाला जात होता, म्हणजे आर फेज मोटर उठवायला झटत होता. कोणी तरी साथ देत नव्हतं. माझं डिजिटल मीटर मात्र बीवरही पूर्ण व्होल्ट दाखवत होतं.

मी पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. ६० वॉटचे दोन बल्ब सिरीजमध्ये, कारण ४१५ व्होल्टला एक बल्ब टिकत नाही. आर-वायला लावला, लख्ख पेटला. वाय-बीला लावला, अंधार. बी-आरला लावला, अंधार. लॅम्प वाय-बीवर तसाच ठेवून शेजारी डिजिटल मीटर लावलं, तर मघाचे ४०९ धाडकन पन्नासच्या खाली.

बीच्या वाटेत कुठे तरी जळका सांधा होता. समजा त्याचा रेझिस्टन्स ५ हजार ओहम झालाय. माझं डिजिटल मीटर ४१ मायक्रोअँप घेतं, तेवढ्याने त्या सांध्यावर ०.२ व्होल्ट पडतात, आकडा पूर्णच दिसणार. पॅनेलवरचा जुना काट्याचा मीटर त्या जोडीवर असता आणि २० मिलिअँप घेत असता, तर १०० व्होल्ट सांध्यावरच गेले असते आणि काटा तीनशेच्या आसपास थांबून दोष दाखवून मोकळा झाला असता. बल्ब आणखी जास्त मागतो, त्याला काहीच मिळालं नाही. मोटर तर त्याहून कितीतरी जास्त मागते.

डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लाइन बंद करून घेतली, लॅम्पने तिन्ही फेज तपासले आणि काकांची मेन स्विचची पेटी उघडली. बीच्या किटकॅटची, म्हणजे चिनीमातीच्या फ्यूजची पितळी जीभ काळी पडून चिनीमातीला चिकटली होती, खाली जळक्या भुकटीचा थर. ते किटकॅट बदललं, तारेचं काळं टोक कापून ताजं तांबं काढलं, स्क्रू आवळला. लाइन आली. लॅम्प आता तिन्ही जोड्यांवर सारखा पेटला. मग बटण दाबलं. अँपचा काटा उसळला आणि दोन सेकंदांत खाली येऊन बसला, पाइपातून पाणी आलं. टाँग टेस्टरने एकेक फेज घेतला: ७.२, ७.४, ७.३. ते तीन आकडे, शेजारी ४११ व्होल्ट आणि तारीख, पेटीच्या दारावर आतल्या बाजूने मार्करने लिहिली. माणसं आली होती ती चहा पिऊन परत गेली.